वाचकांचे प्रश्न : बातमीतला शोध आणि खाटेवरचा रुग्ण

या खेपेस आलेल्या पत्रांत वाचकांनी आजारांविषयी जितके विचारले आहे, त्याहून अधिक आजारांवरील शोधांच्या बातम्यांविषयी विचारले आहे. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. एखाद्या रुग्णाला अमुक उपचार द्यावा की नाही, हे त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. बातमीतील आकड्याचा अर्थ काय, एवढेच या पानावरून सांगता येते.

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची आहे. तिला अल्झायमरची सुरुवात झाल्याचे निदान नुकतेच झाले. एका नव्या औषधाने हा आजार २७ टक्क्यांनी मंदावतो असे मी वाचले. म्हणजे तिची स्मृती काही अंशी परत येईल काय? हे औषध मिळवण्यासाठी आम्ही धडपड करावी काय?

उत्तर : स्मृती परत येणार नाही, हे प्रथमच स्पष्ट सांगितलेले बरे. आपण वाचलेली बातमी बहुधा लेकानेमॅब या औषधाची असावी, कारण २७ हा आकडा त्याच्या चाचणीतून आलेला आहे. या चाचणीत १,७९५ रुग्ण होते. सर्वांचा आजार प्राथमिक अवस्थेतला होता आणि मेंदूत अ‍ॅमिलॉइड नावाचे प्रथिन साचले असल्याची खात्री आधी करून घेतली होती. निम्म्यांना दर दोन आठवड्यांनी शिरेवाटे औषध दिले, निम्म्यांना तसेच दिसणारे परंतु औषध नसलेले द्रावण दिले, आणि दीड वर्षाने दोन्ही गटांची तुलना केली.

मोजमापासाठी वापरलेली श्रेणी १८ गुणांची असते. स्मरण, स्थळकाळाचे भान, निर्णयक्षमता, समाजातील वावर, घरातील कामे व छंद आणि स्वतःची निगा अशा सहा बाबींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देतात. गुण जितके जास्त, तितकी अवस्था वाईट. दीड वर्षात औषध न मिळालेल्यांचे गुण सरासरी १.६६ ने वाढले, औषध मिळालेल्यांचे १.२१ ने वाढले. दोहोंतील अंतर ०.४५ आहे आणि ०.४५ हे १.६६ च्या २७ टक्के भरतात. म्हणजे अवस्था दोन्ही गटांची खालावली. फरक पडला तो खालावण्याच्या वेगात. या श्रेणीत एका बाबीतली लहानात लहान पायरी अर्ध्या गुणाची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा सरासरी फरक घरच्या माणसांना रोजच्या वागण्यात सहजी का जाणवणार नाही, ते समजते.

मग एवढ्याशा फरकाचे संशोधकांना अप्रूप का वाटले? आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले, तेव्हापासून मेंदूतील अ‍ॅमिलॉइडचे हे साठे ठाऊक आहेत. पण ते काढल्याने रुग्णाला काही लाभ होतो का, हा वाद अनेक दशके चालला. साठे कमी करणारी आधीची काही औषधे रुग्णांच्या बुद्धीवर परिणाम दाखवू शकली नव्हती. शरीरातील एखादी खूण सुधारली म्हणजे माणूस सुधारला, असे वैद्यकात गृहीत धरता येत नाही, आणि याचा सर्वांत कडू धडा हृदयरोगाच्या क्षेत्राने घेतलेला आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अधूनमधून चुकतात आणि असे रुग्ण दगावण्याचा धोका अधिक असतो, म्हणून चुकणारे ठोके दाबणारी औषधे सर्रास दिली जात. एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही त्यांतली दोन. ठोके खरोखरच नियमित होत. परंतु १९८९ मध्ये तुलनात्मक चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ आणि न घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६ मृत्यू पावल्याचे आढळले. हृदयाचा आलेख सुधारत होता आणि रुग्ण मरत होते. ही पार्श्वभूमी ठेवून पाहिले तर लेकानेमॅबने साठेही काढले आणि ऱ्हासही थोडा मंदावला, हे शास्त्राच्या दृष्टीने मोठे पाऊल आहे. रुग्णाच्या दृष्टीने ते लहान आहे, आणि ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

आता धोक्याविषयी. औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूत काही ठिकाणी सूज दिसली. औषध न घेणाऱ्यांत हे प्रमाण १.७ टक्के होते. बहुतेकांना या सुजेचे कोणतेही लक्षण जाणवले नाही, ती केवळ एमआरआयमध्ये दिसली. परंतु काहींना मेंदूत रक्तस्रावही होतो आणि क्वचित तो जिवावर बेततो. एपीओई-४ हे जनुकरूप आई आणि वडील दोघांकडून आले असेल तर सुजेचा धोका बराच वाढतो, म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी ती जनुकीय तपासणी करून घ्यावी असे सुचवले जाते आणि उपचार चालू असताना एमआरआय पुन्हा पुन्हा करावा लागतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर विचार आणखी सावधपणे करावा लागतो. डोनानेमॅब हे याच प्रकारचे दुसरे औषध महिन्यातून एकदा देतात. त्याचे लाभ आणि धोके साधारण याच जातीचे आहेत.

माझे मत विचाराल तर, आजार खरोखर आरंभीचा असेल, जनुकीय धोका कमी असेल आणि दर पंधरा दिवसांची ये-जा आईला झेपणार असेल, तर आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांशी याविषयी जरूर बोलावे. यांतील एखादी गोष्ट जुळत नसेल, तर औषध मिळाले नाही म्हणून आपण आईसाठी काही करायचे सोडले, असा बोल स्वतःला लावून घेण्याचे काहीही कारण नाही.

जाता जाता निदानाविषयी सांगतो, कारण माझ्या दृष्टीने या क्षेत्रातली अधिक व्यापक प्रगती तेथे झाली आहे. अ‍ॅमिलॉइडचा साठा आहे की नाही हे ठरवण्यासाठी आजवर मेंदूचे महागडे पेट स्कॅन करावे लागे किंवा पाठीच्या कण्यातून पाणी काढावे लागे. आता रक्तातील टाऊ प्रथिनाचे एक विशिष्ट रूप मोजून पुष्कळ रुग्णांत हे कळू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्तचाचणीला मे २०२५ मध्ये मान्यता दिली. मात्र ती ज्यांना लक्षणे आहेत अशा पंचावन्न वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाने धास्तीपोटी ती करून घेऊ नये.

प्रश्न : नागिणीची लस घेतल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असा संदेश आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटात फिरत आहे. यात तथ्य आहे की ही नेहमीची अफवा आहे?

उत्तर : पत्र उघडताना अफवाच असेल असे वाटले होते, परंतु या संदेशामागचे संशोधन मला अलीकडच्या काळातील सर्वांत चतुर संशोधनांपैकी एक वाटते.

लस घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या माणसांची नुसती तुलना केली तर निष्कर्ष फसवा निघतो. लस घेणारे लोक मुळातच प्रकृतीची काळजी घेणारे असतात. त्यांना स्मृतिभ्रंश कमी झाला तर श्रेय लसीचे की त्यांच्या राहणीचे, हे सांगता येत नाही. ब्रिटनमधील वेल्समध्ये मात्र योगायोगाने वेगळी परिस्थिती निर्माण झाली. तेथे १ सप्टेंबर २०१३ रोजी नागिणीच्या लसीचा कार्यक्रम सुरू झाला आणि नियम असा ठरला, की ज्यांचा जन्म २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर झाला त्यांना लस मिळेल, आणि त्याआधी जन्मलेल्यांना ती कधीच मिळणार नाही. या रेषेच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभराच्या अंतराने जन्मलेल्या माणसांत आहार, शिक्षण, व्यायाम, सवयी यांत सरासरीने फरक असण्याचे कारण नव्हते. फरक एवढाच, की एका बाजूच्या जवळपास निम्म्या लोकांनी लस घेतली आणि दुसऱ्या बाजूच्या जवळजवळ कोणीच घेतली नाही. संशोधकांनी ठरवून चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत, तसे काम येथे जन्मतारखेनेच केले.

सुमारे २,८०,००० वृद्धांच्या नोंदी तपासून एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पुढील सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे नवे निदान होण्याचे प्रमाण लसीमुळे सुमारे एक पंचमांशाने घटल्याचे दिसले, आणि हा परिणाम स्त्रियांत अधिक ठळक होता. कांजिण्या बऱ्या झाल्यावरही त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत सुप्त राहतो आणि उतारवयात नागिणीच्या रूपाने उठतो, हे आपणांस ठाऊक असेलच. तो वारंवार जागा होण्याने मेंदूला इजा होत असावी आणि लस ती टाळत असावी, असा एक तर्क आहे. लस रोगप्रतिकारशक्तीलाच सर्वसाधारण चालना देत असावी, असा दुसरा. निर्णय अजून झालेला नाही. शिवाय वेल्समध्ये वापरलेली लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची होती, आणि आज अनेक देशांत वेगळ्या घडणीची लस वापरतात.

तेव्हा स्मृतिभ्रंश ‘टळतो’ हा शब्द खोडावा आणि ‘शक्यता कमी होत असावी’ असे लिहून संदेश पुढे पाठवायला हरकत नाही. नागीण स्वतःच अतिशय वेदनादायक आजार आहे. आपल्या वयात आणि प्रकृतीत लस योग्य असेल तर ती घेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

प्रश्न : मला सिकलसेलचा आजार आहे. जनुकात दुरुस्ती करून हा आजार आता कायमचा बरा होतो असे ऐकले. तसे असेल तर माझ्या मुलांना तो जाणार नाही ना?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अत्यंत महत्त्वाचा आहे आणि बातम्यांमध्ये त्याचे उत्तर सहसा नसते, म्हणून आधी तेच देतो. या उपचारानंतरही आपल्या बीजपेशींतले, म्हणजे शुक्राणू किंवा स्त्रीबीजांतले, जनुक आहे तसेच राहते. आपल्या जोडीदाराच्या जनुकांवर अवलंबून मुलांना हा आजार होण्याची किंवा ते वाहक असण्याची शक्यता उपचाराआधी जेवढी होती तेवढीच उपचारानंतरही राहील. त्यासाठी जोडीदाराची तपासणी आणि जनुकीय समुपदेशन हाच मार्ग आहे.

याहून आश्चर्याची गोष्ट अशी, की ज्या चुकीमुळे हा आजार होतो ती चूक या उपचारात रक्तपेशींतही दुरुस्त केली जात नाही. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या, म्हणजे रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकातील एकच अक्षर बदललेले असते आणि त्यामुळे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून वेदना होतात. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्येच याला रेणूचा आजार म्हटले होते. त्याच्या एक वर्ष आधी जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञांनी असे सुचवले होते, की या बालकांना पहिले काही महिने त्रास होत नाही, कारण त्यांच्या रक्तात अजून गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असते. हे हिमोग्लोबिन जन्मानंतर हळूहळू बनायचे थांबते. ते थांबवण्यात बीसीएल-११ए या जनुकाचा हात आहे, हे २००८ च्या सुमारास उलगडले. कॅसजेव्ही या उपचारात नेमके हेच वापरले आहे. रुग्णाच्या रक्तातून रक्तपेशी बनवणाऱ्या मूळपेशी काढून घेतात, प्रयोगशाळेत क्रिस्पर या जनुके नेमकी कापणाऱ्या तंत्राने त्या जनुकाचा लाल रक्तपेशींपुरता चालणारा कळीचा भाग निकामी करतात आणि पेशी रुग्णाला परत देतात. मग शरीर पुन्हा गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बनवू लागते. सदोष हिमोग्लोबिन तयार होतच राहते, परंतु त्याचे उपद्रवमूल्य बरेच कमी होते. बिघडलेला दरवाजा दुरुस्त न करता बंद करून ठेवलेला जुना दरवाजा उघडण्यासारखेच हे आहे.

निकाल खरोखर उत्तम आहेत. पुरेसा काळ पाहणी झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने एकदाही वेदनेचा तीव्र झटका आला नाही, आणि याच चाचणीच्या आधारावर ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याला मान्यता दिली. ज्या तंत्रासाठी एमान्युएल शार्पांटिये आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे नोबेल मिळाले, त्यावर आधारलेला हा पहिला मान्यताप्राप्त उपचार होय.

पण या उपचाराची वाट बिकट आहे. सुधारलेल्या पेशींना जागा व्हावी म्हणून रुग्णाची जुनी अस्थिमज्जा बुसल्फान या तीव्र रसायनाने आधी नष्ट करावी लागते. नव्या पेशी रुजेपर्यंत कित्येक आठवडे रुग्णालयात, जंतुसंसर्गाच्या छायेत काढावे लागतात आणि वंध्यत्व येण्याचा धोका असतो. ज्या अर्थी आपण मुलांविषयी विचारता, त्या अर्थी बीजपेशी आधी गोठवून ठेवण्याविषयी आपण स्वतःहून विचारले पाहिजे. ‘कायमचा’ या शब्दाविषयीही थोडा धीर धरावा. उपचार घेतलेल्या रुग्णांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवण्याची योजना आहे ती उगीच नव्हे.

हा सगळा खटाटोप शरीराबाहेर न करता थेट शरीरातच दुरुस्ती करता येईल काय, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याची एक झलक मे २०२५ मध्ये दिसली. फिलाडेल्फियात एका अर्भकाला यकृतातील एका विकराचा (एन्झाइमचा) जन्मजात अभाव होता. या आजारात प्रथिनांच्या पचनातून निर्माण होणारा अमोनिया रक्तात साचून मेंदूला घातक ठरतो. किरण मुसुनुरू आणि रेबेका आरेन्स-निक्लस यांच्या गटाने त्या बाळाच्या जनुकातील विशिष्ट चुकीपुरतेच औषध सुमारे सहा महिन्यांत तयार केले. डीएनएचे दोन्ही धागे न कापता एक अक्षर बदलणारे हे तंत्र स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणांत घालून शिरेवाटे यकृतात पोहोचवले गेले. तीन मात्रांनंतर बाळाला पूर्वीपेक्षा अधिक प्रथिने पचू लागली आणि औषधे कमी करता आली. एका बाळाचे हे औषध दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचे असेलच असे नाही, ही त्याची मर्यादा आहे. पण कण तेच ठेवून आतला मजकूर तेवढा बदलायचा, ही पद्धत अनेक दुर्मीळ आजारांना लागू पडू शकते. सिकलसेलमध्ये हे साधायचे तर ते कण अस्थिमज्जेपर्यंत न्यावे लागतील, आणि यकृताच्या मानाने ते पुष्कळ अवघड आहे.

प्रश्न : वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी हृदयविकाराचा धोका २० टक्क्यांनी घटतो म्हणे. माझे वजन जास्त आहे, बाकी काही आजार नाही. वर्षभर घेऊन सोडून दिले तर चालेल काय?

उत्तर : वीस टक्के कशाचे, हे आधी पाहू. सेमाग्लुटाइड या अशाच एका इंजेक्शनच्या ज्या चाचणीतून हा आकडा आला तिच्यात १७,६०४ जण होते. त्यांना मधुमेह नव्हता, वजन जास्त होते आणि प्रत्येकाला हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून होता. सरासरी सव्वातीन वर्षांहून थोड्या अधिक काळात हृदयविकाराने मृत्यू, हृदयाचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी औषध न घेणाऱ्यांत ८ टक्के लोकांना झाले आणि औषध घेणाऱ्यांत ६.५ टक्के लोकांना झाले. दीड हे आठच्या सुमारे वीस टक्के होतात. याचाच अर्थ असा, की एकाची आपत्ती टाळण्यासाठी सुमारे ६७ जणांना तेवढा काळ औषध द्यावे लागले. हृदयरोगाच्या उपचारांत हा लाभ मुळीच क्षुल्लक नाही. पण आपल्याला हृदयाचा आजार नाही, म्हणजे आपला मूळ धोका त्या आठ टक्क्यांहून बराच कमी असणार आणि त्याचा पंचमांशही त्याच मानाने लहान असणार. ‘टक्क्यांनी घटले’ असे कोठेही वाचले की ‘कितीवरून’ असे विचारावे. दोन्ही आकडे दिलेले नसतील तर बातमी अर्धवट आहे असे खुशाल समजावे.

वजनावरील परिणाम मात्र निःसंशय मोठा आहे. याच औषधाच्या दुसऱ्या एका चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के घटले, तर औषधाविना केवळ आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनाने २.४ टक्के. पण औषध थांबवल्यावर त्याच रुग्णांपैकी काहींची पुढे वर्षभर पाहणी केली, तेव्हा गमावलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. याला रुग्णाचा आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. हे औषध आतड्यातून जेवणानंतर स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करते. नैसर्गिक संप्रेरक काही मिनिटांत विरून जाते, तर औषध आठवडाभर टिकून मेंदूला पोट भरल्याची जाणीव देत राहते. ती जाणीव काढून घेतली की भूक पूर्वपदावर येते. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर रक्तदाब वाढतो, तसेच हे आहे. त्यामुळे वर्षभर घेऊन सोडण्याचा बेत असेल तर तो मला फारसा फायद्याचा दिसत नाही. मळमळ व उलट्यांमुळे अनेकांना ते सोडावे लागते, चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग कुटुंबात असेल तर ते घेऊच नये, हेही जमेस धरावे.

प्रश्न : ‘उंदरांतील कर्करोग बरा झाला’ अशी बातमी दर महिन्याला येते. मग ती औषधे जातात कोठे?

उत्तर : बहुतेक बाद होतात. प्राण्यांवर यशस्वी ठरून माणसांवरील चाचणीपर्यंत पोहोचलेल्या औषधांपैकीही दहातली सुमारे नऊ मान्यतेपर्यंत जात नाहीत. काही निरुपयोगी ठरतात, काही अपायकारक. प्रयोगशाळेतले उंदीर एकाच वाणाचे, एकाच वयाचे, एकाच आहारावर वाढलेले असतात, आणि त्यांचा कर्करोग बहुधा आपणच त्यांच्यात घातलेला असतो. माणसात तो वर्षानुवर्षे, स्वतःचे रूप बदलत वाढलेला असतो.

प्राणी जवळचा असला तरी फसगत होते. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन-१४१२ हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले. माकडांना जी मात्रा सोसली होती तिच्या एक पाचशेअंश मात्रा देऊनही काही तासांत सहाही जणांची प्रतिकारशक्ती बेफाम उसळली आणि त्यांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले. सुदैवाने सर्व जण वाचले. औषध ज्या ग्राहकरेणूला चिकटत असे तो माणसाच्या स्मृतिधारी टी-पेशींवर, म्हणजे पूर्वीचे जंतू लक्षात ठेवणाऱ्या प्रतिकारपेशींवर, असतो, तर त्या माकडांच्या तशा पेशींवर तो नसतो, असे नंतर आढळले. त्यानंतर अशा चाचण्यांत पहिली मात्रा सर्वांना एका वेळी न देता एकेकाला, मध्ये अवधी ठेवून देण्याचा दंडक अधिक कडक झाला.

उंदरांवरची बातमी वाचू नका असे माझे म्हणणे नाही. मथळ्यात ‘उंदीर’ हा शब्द आहे का, एवढे पाहावे. पुष्कळदा तो सातव्या परिच्छेदात सापडतो.

प्रश्न : मला नऊ वर्षांपासून ल्युपस आहे. कर्करोगासाठी वापरतात त्या सुधारित पेशींनी ल्युपस पूर्ण शमतो असे कळले. अशा एका चाचणीत सहभागी होण्याविषयी मला विचारणा झाली आहे. मी काय विचारून घ्यावे?

उत्तर : रुग्णाच्या टी-पेशी काढून, त्यांना बी-पेशी ओळखून मारण्याची क्षमता जनुकीय बदलाने देऊन त्या परत सोडण्याचे हे तंत्र रक्ताच्या कर्करोगासाठी विकसित झाले. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, आणि शरीराविरुद्धच प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी बी-पेशींच्याच कुळातल्या असल्याने जर्मनीतील एर्लांगेन येथे गेऑर्ग शेट यांच्या गटाने ते स्वयंप्रतिकार आजारांत वापरून पाहिले. २०२४ मध्ये त्यांनी १५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत आठ ल्युपसचे होते. आठही जणांचा आजार शमला आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सर्वांना बंद करता आली. काही महिन्यांनी बी-पेशी परत आल्या, पण त्या नव्याने घडलेल्या होत्या आणि आजार तरीही उसळला नाही. एखाद्या यंत्राच्या सगळ्या जुन्या नोंदी पुसून ते नव्याने सुरू करावे, तसे काहीसे घडले असावे. दीर्घकाळ ल्युपस हाताळलेल्या डॉक्टरांना हे वाचून किती आनंद झाला असेल, याची आपण कल्पना करू शकता.

मात्र १५ रुग्ण म्हणजे फार थोडे, त्यांना तुलनागट नव्हता, आणि पाहणीचा मध्यम कालावधी सव्वा वर्षाचा होता. ल्युपससारख्या चढउताराच्या आजारात या तिन्ही गोष्टींना वजन आहे. आपल्याला विचारणा झाली ती यातील रिकाम्या जागा भरण्यासाठीच.

तेव्हा विचारायचे ते असे. ही चाचणी कोणत्या टप्प्याची आहे, म्हणजे केवळ सुरक्षितता पाहणारी आहे की गुण येतो का हे ताडणारी? तुलनागट आहे काय, आणि मी त्यात गेले तर मला कोणते उपचार मिळतील? उपचारानंतर ताप येऊन रक्तदाब कोसळण्याचा जो त्रास होऊ शकतो, तो हाताळण्याचा अनुभव या ठिकाणी किती रुग्णांचा आहे? पेशी देण्यापूर्वी जी रसायने दिली जातात त्यांचा प्रजननक्षमतेवर काय परिणाम होईल? संसर्गाचा धोका किती काळ राहील आणि लसी पुन्हा घ्याव्या लागतील काय? कर्करोगाच्या रुग्णांत या उपचारानंतर क्वचित टी-पेशींचाच नवा कर्करोग उद्भवल्याच्या नोंदी आहेत; त्यासाठी मला किती वर्षे तपासले जाईल? मला इजा झाली तर उपचारांचा खर्च आणि भरपाई कोण देणार, हे संमतिपत्रात कोठे लिहिले आहे?

एक प्रश्न स्वतःच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही विचारावा: सध्याच्या उपचारांनी माझा आजार कितपत आटोक्यात आहे, आणि मी अजून न वापरलेले मान्यताप्राप्त औषध शिल्लक आहे काय? मूत्रपिंडे धोक्यात आहेत आणि सर्व पर्याय वापरून झाले आहेत, असे असेल तर मी स्वतः सहभागाकडे झुकेन. साध्या गोळ्यांवर आजार शांत असेल तर थांबेन. संमतिपत्र घरी नेऊन, जवळच्या माणसाबरोबर बसून वाचण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे आणि सही केल्यानंतरही चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते, त्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड पडू शकत नाही. पेशी एकदा शरीरात सोडल्या की त्या मात्र परत काढता येत नाहीत. म्हणून बाहेर पडायचे झाले तर त्याआधी पडावे, आणि तो दिवस नेमका कोणता, हेही विचारून ठेवावे.